पूर्णिमाची कॅचर

बुऱ्हाणपुरात मुली बेसबॉल खेळतात असं सांगितलं की बाहेरगावचा माणूस आधी हसतो. वैशाली चौधरीला त्या हसण्याची सवय होती. तिचे वडील मोतीराम रावेरकडचे. कागद कारखान्यात नोकरी लागली म्हणून ते इकडे आले आणि कॉलनीतल्या क्वार्टरमध्ये राहू लागले. त्या कॉलनीत जळगावहून आलेला एक फोरमन होता. त्याला या खेळाचं भारी वेड. संध्याकाळी पाळी सुटली की तो कॉलनीतल्या पोरापोरींना गोळा करायचा. सगळ्यांना बॅट हवी असायची, चेंडू फेकायचा असायचा. बॅटवाल्याच्या मागे उकिडवं बसून येणारा चेंडू अडवायला मात्र कुणी तयार नसे, कारण तो चेंडू अंगावर येतो. वैशाली अंगानं दणकट आणि स्वभावानं गप्प. फोरमननं तिच्या हातात कॅचरचा जाड ग्लोव्ह दिला आणि म्हणाला, "तू बस." ती बसली ती बसलीच.

पुढे मोतीराम निवृत्त झाले. शहरातल्या शनवारा भागात त्यांनी दोन खोल्यांचं घर घेतलं. आई आधीच गेलेली होती, त्यामुळे घरात बाप आणि लेक दोघंच. वैशालीला एका खासगी शाळेत पी.टी.च्या बाईंची नोकरी मिळाली. शाळा सुटल्यावर शाळेच्याच मैदानावर जिल्ह्याच्या मुलींचा संघ सराव करायचा. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं चेंडू लागून वाकडी झाली होती. एकदा बघायला आलेल्या पाहुण्यांनी चहा घेताना विचारलं, "बोटं कशानं वाकडी झाली?" वैशाली म्हणाली, "बेसबॉलनं." पाहुण्यांनी एकमेकांकडे पाहिलं, चहा संपवला आणि पुन्हा काही ते आले नाहीत. त्याचं तिला फार वाटलं नाही. त्या दिवसांत तिच्या डोक्यात दुसरंच काही होतं. पूर्णिमा आली होती.

पूर्णिमा महाजन जवळच्याच दापोरा गावची. घरची केळीची शेती. ती कॉलेजच्या निवडीला आली होती भालाफेकीसाठी, वडिलांच्या मोटारसायकलवर मागे बसून, पायांत साध्या चपला. भाला काही फार लांब गेला नाही, पण तिचा हात कसा सुटतो ते वैशालीनं पाहिलं. तिनं पोरीला बाजूला घेतलं, चेंडू दिला आणि स्वतः लांब जाऊन बसली.

"मार इकडं. जितका जोर असेल तितका."

"तुम्हाला लागेल ना ताई."

"लागू दे."

पहिला चेंडू ग्लोव्ह चुकवून थेट वैशालीच्या खांद्यावर बसला. दुसरा तिनं पकडला. तळहात झिणझिणून गेला. पूर्णिमा धावत आली, घाबरून तिचा हात चोळायला लागली, आणि वैशाली मात्र हसत होती.

त्या दिवसापासून दोघींची जोडी जमली. पिचर चेंडू फेकते, कॅचर तो झेलते, एवढंच लोकांना दिसतं. पण कुठला चेंडू टाकायचा ते कॅचर दोन बोटांच्या खुणेनं सांगत असते, आणि पिचर मान हलवते. वर्षभरात पूर्णिमानं खुणेची वाट बघणंही सोडलं. वैशालीला काय हवंय ते तिला कळायचं. 'ताई'चं 'वैशू' झालं, 'तुम्ही'चं 'तू' झालं. परीक्षा असो की स्पर्धा, पूर्णिमाचा मुक्काम शनवाऱ्यातच. मोतीराम खिचडी टाकायचे, वर लसणाची फोडणी द्यायचे आणि दोघींना समोर बसवून वाढायचे. दापोऱ्याला गेलं की पूर्णिमाची आई मालूबाई वैशालीच्या ताटात भाकरीवर भाकरी टाकायची. "खाय वं बाई, आमच्या पोरीचे चेंडू झेलती तू, अंगात जोर नको?"

पूर्णिमाचं खरं हत्यार होतं तिचा मंद चेंडू. हात तेवढ्याच वेगानं यायचा, पण चेंडू मात्र रेंगाळत यायचा. समोरची पोरगी आधीच बॅट फिरवून मोकळी झालेली असायची, आणि मग चेंडू आरामात वैशालीच्या ग्लोव्हमध्ये येऊन पडायचा. इंदूरच्या शिप्रा क्लबच्या पोरी या चेंडूला शिव्या द्यायच्या. बुऱ्हाणपूर आणि शिप्रा यांचं जुनं वैर. राज्याच्या फायनलला बहुतेक वेळा हे दोनच संघ यायचे.

त्या मंद चेंडूत एक खोट होती. तो टाकायचा तर चेंडू तळहातात खोल रुतवून धरावा लागतो. तसा धरताना पूर्णिमाचा डावा हात, ज्यात ग्लोव्ह असायचा, किंचित फाकायचा. ग्लोव्ह फूल उमलावं तसा जरा उघडायचा. क्षणभरच. इतर चेंडूंच्या वेळी तो मिटलेला असायचा. ही गोष्ट वैशालीच्या पहिल्याच वर्षी लक्षात आली. ती रोज समोर बसत होती, तिला दिसणारच. ती पूर्णिमाला म्हणाली मात्र काहीच नाही. पोरीचा हात आत्ता कुठे बसतोय, आत्ता सांगितलं तर बिचकेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. पुढच्या वर्षीही हेच सांगितलं. त्यानंतर स्वतःला काही सांगायचीही गरज उरली नाही. ग्लोव्ह उघडला की वैशालीला बरं वाटायचं, आपल्या माणसाचं पाऊल जिन्यावर ओळखू यावं तसं.

एकदा भोपाळला एका महत्त्वाच्या सामन्यात शेवटच्या क्षणी पूर्णिमाचा मंद चेंडू समोरच्या मुलीनं असा टोलवला, की तो कुंपणापलीकडे गेला. पूर्णिमा परतीच्या गाडीत खिडकीला डोकं टेकून रडत राहिली. "माझंच चुकलं. मीच घाई केली." वैशालीनं तिला थोपटलं. म्हणाली, "होतं असं."

मग एका पावसाळ्यानंतर शिप्रा क्लब एका बांधकाम कंपनीनं घेतला. एक दिवस त्यांचा मॅनेजर चंदन मैदानावर आला. पांढरे बूट, गळ्यात ओळखपत्र, बोलणं अगदी मऊ. सरावभर तो बाकावर बसून राहिला आणि नंतर पूर्णिमाशी बाजूला बोलला. वैशाली नेट गुंडाळत होती. तिनं वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पूर्णिमानं तिला राजघाटावर बोलावलं. नदीला पाणी बऱ्यापैकी होतं, पायऱ्यांवर बायका कपडे बडवत होत्या.

"तीन वर्षांचा करार आहे, वैशू. राहायला फ्लॅट. खांद्यासाठी वेगळा डॉक्टर. आणि पगार तर..." तिनं आकडा सांगितला. शाळेत वर्षभर शिट्टी फुंकून वैशालीच्या हाती जेवढं पडायचं, तेवढं पूर्णिमाला महिन्याला मिळणार होतं.

वैशालीनं चपला काढून पाय पाण्यात सोडले.

"मी त्यांना म्हटलं, माझी कॅचरपण घ्या. म्हटलं, आम्ही दोघी एकत्र येऊ. तर ते म्हणाले, 'कॅचर तो हमारे पास है मॅडम.' मी पुन्हा म्हटलं. खरंच म्हटलं, वैशू."

"कशाला म्हटलंस? मी काय सामान आहे, तुझ्या बॅगेबरोबर न्यायला?"

"तसं नाही गं."

"मग कसं? इतकी वर्षं त्यांना हरवायला शिकलो आपण. आता तू त्यांचाच शर्ट घालून येणार."

"घरची परिस्थिती तुला माहितीये. दादाचं लग्न, बाबांचं गुडघ्याचं ऑपरेशन. मी काय केळी मोजत बसू का इथं?" पूर्णिमाचा आवाज चढला, मग लगेच खाली आला. "तू नको म्हण, मी नाही जात. खरंच. तू सांग."

वैशालीला पुढे हा क्षण फार वेळा आठवला. तिनं 'नको' म्हणायला नको होतं, ते तिनं म्हटलं नाही, ते ठीकच झालं. पण 'जा, माझ्या बाई, जा आणि नाव काढ' एवढं म्हणायला काय लागत होतं? मनात होतंही ते. तोंडातून निघालं ते वेगळंच.

"विचारायला आलीस की कळवायला? सही तर तू करूनच आली असशील."

पूर्णिमानं मान खाली घातली. सही तिनं केली नव्हती. ती दोन दिवसांनी केली.

निरोपाला संघातल्या सगळ्या मुली स्टेशनवर गेल्या. मोतीरामही गेले, डब्यात दराब्याची मिठाई घेऊन. वैशालीनं शाळेत मीटिंग असल्याचं सांगितलं.

फेब्रुवारीत राज्याची स्पर्धा बुऱ्हाणपुरातच भरली आणि फायनलला, जसं व्हायचं तसं, बुऱ्हाणपूर आणि शिप्रा समोरासमोर आले. मैदानाभोवती ही गर्दी. पॉवरलूम बंद ठेवून माणसं आली होती. पूर्णिमा निळ्या शर्टात मैदानात उतरली तेव्हा मागच्या बाजूनं कुणी तरी ओरडलं, "बिकाऊ!" आणि पुष्कळ लोक हसले. मालूबाई पदर डोक्यावर ओढून पहिल्या रांगेत बसली होती. ती काही हसली नाही. मोतीराम तिच्या शेजारी जाऊन बसले.

पूर्णिमानं त्या दिवशी फार सुंदर चेंडू टाकले. बुऱ्हाणपूरच्या पोरी येत होत्या आणि बॅट हवेत फिरवून परत जात होत्या. संघाची कप्तान चारुलता दोनदा बाद झाली. बाकावर येऊन तिनं हेल्मेट आपटलं.

"दीदी, काही कळतच नाही यार. तिचे चेंडू तुम्ही इतकी वर्षं झेलले. काही तरी सांगा ना!"

"चेंडूकडे बघा नीट," वैशाली म्हणाली. एवढंच.

सगळ्यांना बाकावरून दिसत होतं, पण बघायचं कुठे ते वैशाली एकटीलाच माहीत होतं. ग्लोव्ह अजून तसाच उघडत होता. तिच्या मनात आलं, इतके महिने झाले, त्या पांढऱ्या बुटवाल्यांच्या अजून हे ध्यानात नाही. आणि का कोण जाणे, तिला त्याचा थोडा गर्वच वाटला.

मग तिची स्वतःची पाळी आली. बॅट घेऊन ती उभी राहिली. समोर पूर्णिमा. इतक्या वर्षांत तिनं पूर्णिमाला बॅटच्या जागेवरून असं कधी पाहिलं नव्हतं. दोन चेंडू हुकले; तिसरा हुकला की बाद. तिसऱ्याला ग्लोव्ह उघडला. मंद चेंडू येणार हे वैशालीला चेंडू सुटण्याआधी कळलं होतं. थांबून मारला असता तर तो कुठेही गेला असता. पण ती थांबली नाही. लवकर बॅट फिरवली आणि बाद झाली. मुद्दाम केलं की हात आपोआप गेला, हे तिला त्याही वेळी सांगता आलं नसतं.

ती परत फिरली आणि पूर्णिमा हसली.

ते हसू नेहमीचंच होतं. सरावात एखादा चेंडू झकास पडला की ती असंच हसायची, म्हणजे 'बघितलंस का गं?' असं विचारायची. वैशालीला ते त्या दिवशी तसं दिसलं नाही. गर्दी टाळ्या पिटत होती, चंदन बाकावरून अंगठा दाखवत होता, आणि तिला वाटलं, ही मला हसते.

ती बाकावर आली. पॅड बांधता बांधता म्हणाली, "चारू, सगळ्यांना बोलाव. तिचा ग्लोव्ह बघा. फाकला की मंद येतो. मिटलेला असला की जोरात येतो. बस."

पोरींनी वळून पूर्णिमाच्या डाव्या हाताकडे पाहिलं.

पुढचं सगळं भराभर घडलं. पहिल्या पोरीनं थांबून टोला मारला. दुसरीनंही. चारुलतानं असा फटका दिला, की चेंडू शाळेच्या भिंतीला लागला. मैदान उठून उभं राहिलं. पूर्णिमाला कळेना काय होतंय. तिनं हात पुसला, टोपी सारखी केली, चेंडू पुन्हा पुन्हा बोटांत फिरवून पाहिला. जितकी ती घाबरली, तितका ग्लोव्ह जास्त उघडायला लागला. शेवटी चंदननं तिला मधूनच बाहेर बोलावलं. ती बाकाच्या टोकाला जाऊन बसली आणि तोंडावर टॉवेल घेतला.

बुऱ्हाणपूर जिंकलं. ढोल आले, गुलाल आला. मुलींनी वैशालीला उचलायचा प्रयत्न केला, पण वजनानं जमलं नाही, म्हणून हसत हसत तिला तिथंच हार घातले.

हात धुवायला ती शाळेच्या टाकीमागच्या नळांकडे गेली, तर तिथे पूर्णिमा उभी होती. तोंडावर पाणी मारलेलं, निळी बाही भिजलेली.

"चारूनं सांगितलं मला," ती म्हणाली. "ग्लोव्हचं."

"हं."

"तुला आजच दिसलं?"

हो म्हणता आलं असतं. वैशालीला खोटं बोलायची सवय नव्हती, आणि त्या वेळी खोटं सुचलंही नाही.

"नाही. पहिल्या वर्षीच दिसलं होतं."

नळ चालूच होता. "भोपाळला? त्या वेळी पण माहीत होतं तुला?"

"हो."

"मी रात्रभर रडत होते गाडीत. तू माझ्या शेजारी होतीस."

वैशालीनं नळ बंद केला.

"आज तू सांगितलंस, त्याचं मला काही नाही," पूर्णिमा म्हणाली. "मी तिकडची, तू इकडची. खेळ आहे, चालतं. पण मी तुझी होते ना, वैशू. तेव्हा का नाही सांगितलंस?"

तिकडून चंदननं हाक मारली, "पूर्णिमा, चलो, बस लग गई." पूर्णिमा गेली. तिनं हाताचं पाणीही पुसलं नव्हतं.

उत्तर वैशालीला नंतर मिळालं, आणि ते काही चांगलं नव्हतं. पोरगी बिचकेल ही पहिल्या वर्षाची सबब होती. खरं असं होतं, की ती खोट आहे तोवर पूर्णिमाला आपली गरज आहे, असं कुठे तरी तिनं धरून ठेवलं होतं. निर्दोष पिचरला कुणीही कॅचर चालते. तिला हे कधी शब्दांत सुचलं नव्हतं. पण हात मात्र त्याप्रमाणेच वागत होते.

संध्याकाळी ती घरी पोचली तेव्हा गल्लीतल्या लोकांनी मावा जिलेबी आणून ठेवली होती. मोतीराम स्वयंपाकघरात होते. लसणाचा वास येत होता.

"पूर्णिमा कुठंय?" त्यांनी विचारलं.

"गेली. त्यांची बस होती."

"अशी कशी गेली? दर फायनलनंतर ती आपल्याकडे जेवते. मी खिचडी दोघींची टाकली." त्यांनी पातेल्यावर झाकण ठेवलं. "हरली म्हणून राग आला काय तिला?"

"नाही बाबा. माझं चुकलं."

दोघं जेवायला बसली, आणि बरीच खिचडी उरली.

शिप्राच्या प्रशिक्षकानं पूर्णिमाचे चेंडू टाकतानाचे व्हिडिओ काढले, तिला ते हळू करून दाखवले आणि हाताची ती सवय काही आठवड्यांत मोडली. वैशालीनं सात वर्षं जपलेली गोष्ट. पुढच्या वर्षी फायनल इंदूरला झाली. वैशाली बॅट घेऊन उभी राहिली आणि तिनं ग्लोव्हकडे पाहिलं. तो दगडासारखा स्थिर होता. काय येणार ते कळेना. तीनही चेंडू हुकले. बाद होऊन परतताना तिला आधी आनंद झाला, खरोखरचा, पोरगी पक्की झाली म्हणून. बाकावर बसल्यावर मग तो आनंद कुठे गेला कळलं नाही. या वेळी पूर्णिमा हसलीही नव्हती. तिच्या संघाची कॅचर उठून तिच्याकडे धावत गेली होती. त्या वर्षी पूर्णिमाची देशाच्या शिबिरासाठी निवड झाली. वर्तमानपत्रात फोटो आला.

वैशालीनं दोनदा फोन लावला. एकदा तो उचलला गेला नाही. दुसऱ्यांदा पूर्णिमा म्हणाली, "सरावात आहे, नंतर करते," आणि तिनं नंतर केला नाही.

मग यंदा आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, आधी मालूबाईचा फोन आला. "पोरगी येऊन राहिली सणाला. तू येजो. लय दिवस झाले तुला पाहून."

वैशाली स्कूटीवर दापोऱ्याला गेली. दोन्ही बाजूंना केळीच्या बागा, मध्ये तापलेला रस्ता. अंगणातल्या लिंबाला झोका बांधला होता, आणि शेजारच्या पोरी त्यावर आखाजीची गाणी म्हणत होत्या. पूर्णिमा दारात आली. केस कापलेले, खांदे रुंद झालेले.

"या ताई," ती म्हणाली.

मालूबाईनं लेकीकडे पाहिलं, मग वैशालीकडे, आणि ताटं वाढायला आत गेली. पुरणपोळ्या होत्या, आमरस होता. पूर्णिमानं शाळेचं विचारलं, मोतीरामांच्या तब्येतीचं विचारलं, चारुलताच्या लग्नाचं विचारलं. सगळं नीट, गोड आवाजात. वैशालीनं नीट उत्तरं दिली.

"आता जा वं दोघी जणी," मालूबाई म्हणाली. "मागल्या अंगणात खेळा जरा. किती दिवस झाले, मला तो टप्प आवाज आला नाही."

"आई, खांद्याला आराम सांगितलाय," पूर्णिमा म्हणाली. "करारात पण आहे. बाहेर कुणासोबत खेळायचं नाही."

ते खरं होतं की नाही, कोण जाणे. मालूबाई आत गेल्यावर वैशालीनं ताटातला हात थांबवला.

"पूर्णिमा, त्या दिवशी नळापाशी तू विचारलंस ना, त्याचं उत्तर..."

"असू द्या ताई." पूर्णिमा हसली. पाहुण्यांकडे बघून हसावं तसं. "आता ती खोट राहिलीच नाही. रस घ्या ना अजून."

वैशालीनं रस घेतला.

निघताना मालूबाईनं स्कूटीच्या पुढ्यात केळ्यांची फणी ठेवली आणि उगाच तिच्या पाठीवरून हात फिरवला. पूर्णिमा फाटकापर्यंत आली. "सावकाश जा," म्हणाली.

शनवाऱ्यात पोचेपर्यंत दिवस कलला होता. मोतीराम ओट्यावर वाट बघत बसले होते. त्यांनी केळी उतरवून घेतली.

"भेटली का? काय म्हणाली पोरगी?"

"काही नाही. रस घ्या म्हणाली."

मोतीरामांनी फणी तशीच हातात धरली.

"'घ्या' म्हणाली?"

"हो," वैशाली म्हणाली, आणि स्कूटी आत घ्यायला वळली.